दोघांनी ऑस्ट्रेलियात वर्षभर काम आणि कॅम्परव्हॅन : व्हिसापासून व्हॅन विकेपर्यंत

बहुतेकांचा प्लॅन व्हॅनपासून सुरू होतो, म्हणजे कुठली घ्यायची, आत पडदे कुठले लावायचे, ग्रेट ओशन रोडला सनसेट कधी गाठायचा वगैरे, आणि व्हिसा, काम, हवामान हे सगळं "बघू नंतर" मध्ये जातं. आमचं मत विचाराल तर क्रम बरोबर उलटा हवा. आधी व्हिसा, मग काम कुठे आणि कधी मिळतं ते, मग ऋतू, आणि या सगळ्यातून जो रस्ता उरेल त्यावर व्हॅन. या क्रमाने गेलात तर पैसे पुरतात, नाहीतर चौथ्या महिन्यात घरी फोन करून "बाबा, थोडे पाठवता का" करावं लागतं.

पहिली पायरी : बॅलट, आणि दोघांचा वेगवेगळा

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी व्हिसा आहे सबक्लास ४६२, वर्क अँड हॉलिडे. यूट्यूबवर जे ब्रिटिश, जर्मन, फ्रेंच पोरं-पोरी व्हॅनमधून फिरताना दिसतात ते बहुतेक ४१७ या दुसऱ्या व्हिसावर असतात, त्यांचे सगळेच नियम आपल्याला लागू नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा. आपल्याला हा व्हिसा मिळाला तो भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे. करार लागू झाला २९ डिसेंबर २०२२ ला, व्हिसा प्रत्यक्ष सुरू व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. जागा वर्षाला १०००. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या बॅलटला पहिल्या दोन आठवड्यांतच ४० हजारांच्या आसपास लोकांनी नावं दिली होती, म्हणजे स्पर्धा काय लेव्हलची आहे ते कळलं असेल.

बॅलट म्हणजे सरळ कॉम्प्युटरची सोडत. इमीअकाउंटवर, म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारच्या व्हिसाच्या साइटवर, लॉगिन करायचं, पासपोर्ट आणि पॅन कार्डाचे डिटेल्स टाकायचे, २५ ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे (ते परत मिळत नाहीत) आणि वाट बघायची. वय १८ ते ३०, म्हणजे ३१ वा वाढदिवस व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे. "आमच्याकडून भरा, चान्स वाढतो" असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि निरोप द्या. सोडतीत कुणाचाच वशिला चालत नाही.

आता जोडप्यांचा खरा प्रश्न. या व्हिसात नवरा-बायको असा एकत्र अर्ज नसतो. लग्न झालेलं असो-नसो, दोघांनी वेगळी नावं द्यायची, दोघांची नावं वेगळी लागायला हवीत, आणि व्हिसाच्या काळात सोबत अवलंबून असलेलं मूल नेता येत नाही. मग एकाचं लागलं आणि दुसऱ्याचं नाही तर? इथे एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नाव लागल्यावर अर्ज करायला २८ दिवस मिळतात ते पाळायचेच, पण व्हिसा हातात आल्यावर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात शिरायला १२ महिने असतात, आणि तुमचं वर्ष शिरल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ज्याचं लागलं त्याने व्हिसा घेऊन ठेवायचा आणि दुसऱ्याने पुढच्या बॅलटला परत नाव द्यायचं. तरी नाही लागलं तर दुसरा माणूस व्हिजिटर व्हिसावर फक्त फिरायच्या टप्प्याला येऊ शकतो, पण त्याला काम अजिबात करता येत नाही, अगदी "शेतावर मदत कर, जेवण-झोपणं फुकट" हेसुद्धा कामातच धरतात. तेव्हा एकाच्या कमाईवर दोघांचं वर्ष ओढायचं आहे का, हे तिकीट काढायच्या आधी बोलून घ्या. आमच्या ओळखीत याच मुद्द्यावर एक-दोन प्लॅन फिसकटलेत, व्हॅनमुळे नाही.

नाव लागल्यावरची कागदपत्रं : बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण (डिग्री, डिप्लोमा), इंग्रजीचा पुरावा (आयईएलटीएसला सरासरी ४.५ पुरते), आणि खात्यात साधारण ५००० डॉलर अधिक परतीच्या तिकिटाचे पैसे, हे प्रत्येकी. व्हिसा फी जुलै २०२५ पासून ६७० डॉलर, दर जुलैत आकडे बदलतात म्हणून होम अफेअर्सच्या (व्हिसा बघणारं सरकारी खातं) साइटवर बघूनच भरा. अर्ज ऑस्ट्रेलियाबाहेर असतानाच करायचा.

दुसरी पायरी : निघायच्या आधी

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, १००० रुपये फी, एक वर्ष चालतं. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं, पण व्हॅन भाड्याने देणारे आणि इन्शुरन्सवाले परमिट मागू शकतात. किती दिवस परदेशी लायसन्सवर चालवता येतं हे प्रत्येक राज्याचं वेगळं, न्यू साउथ वेल्समध्ये सहा महिने, नॉर्दर्न टेरिटरीत तीन. एक गोष्ट आपल्या बाजूची : तिथेही डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे. शिवाय जुन्या स्वस्त व्हॅन बऱ्याचदा गिअरच्या असतात, अमेरिकन पब्लिक त्या बघून पळतं आणि आपण वरंध घाटात शिकलेले असतो.

मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, आपल्याला लागू नाही, भारताशी तसा करार नाहीये. तेव्हा वर्षभराचा हेल्थ इन्शुरन्स घ्याच, आणि त्यात शेतकाम कव्हर होतं का ते वाचा.

बॅगेत मसाले नेणार असाल, आणि नेणारच, तर कंपनीचे सीलबंद, वर लेबल असलेले न्या. घरचा गोडा मसाला, लोणचं, आईने दिलेले पापड, जे काही खायचं असेल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर "यस" करून डिक्लेअर करायचं. डिक्लेअर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड आहे आणि व्हिसावरही येऊ शकतं. कढीपत्ता, ताजी फळं, बिया यांच्या वाटेला जाऊच नका, गूळपोळीसाठी वर्ष पणाला लावायचं कारण नाही.

तिसरी पायरी : पहिले दोन-तीन आठवडे

विमानतळावरून थेट व्हॅन बघायला जाऊ नका. शहरात एक खोली घ्या आणि कागद उरका. सिम टेल्स्ट्राचं किंवा त्याच नेटवर्कवर चालणाऱ्या बूस्टचं, कारण शहराबाहेर इतरांची रेंज लवकर संपते. बँक खातं मोठ्या बँकांपैकी कुठेही, पासपोर्ट दाखवून होतं. मग टीएफएन म्हणजे टॅक्स फाइल नंबर, तो टॅक्स ऑफिसच्या साइटवर फुकट मिळतो, पैसे घेऊन काढून देणाऱ्या साइट्स खूप आहेत त्यांच्याकडे जाऊ नका. नंबर पोस्टाने येतो म्हणून महिनाभर टिकेल असा पत्ता द्या, सिडनी-मेलबर्नला ओळखीचं घर असेल तर उत्तम. दोन्हीकडे मराठी मंडळं जुनी आहेत, गणपतीच्या दिवसांत पोचलात तर आपोआप चार घरं ओळखीची होतात.

टॅक्सचं थोडक्यात : या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कापतात, ४५ हजार डॉलरपर्यंत. टीएफएन दिला नाही तर ४५ टक्के कापतील. पगाराच्या वर मालकाने १२ टक्के सुपर भरायचं असतं, म्हणजे आपला पीएफ, ते निघताना क्लेम करता येतं, पण त्यावर या व्हिसावाल्यांना ६५ टक्के टॅक्स आहे, तेव्हा त्या पैशावर मोठे बेत नकोत.

चौथी पायरी : काम

एका मालकाकडे साधारण सहाच महिने, हा नियम (काही अपवाद आहेत, शेतकाम त्यात येतं). दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात ८८ दिवस ठरावीक प्रकारचं काम ठरावीक भागात करायला लागतं : उत्तरेकडे किंवा दुर्गम भागात हॉटेल-टुरिझम, ग्रामीण भागात शेती, बांधकाम वगैरे. मालक "हो हो, काउंट होतं" म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. होम अफेअर्सच्या यादीत ४६२ च्या खाली तो पोस्टकोड आणि ते काम स्वतः बघा. ४१७ ची यादी वेगळी आहे, आणि हॉस्टेलमधला युरोपियन मित्र त्याची यादी तुम्हाला सांगत असतो.

दर : जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर, कॅज्युअल (म्हणजे पक्की नोकरी नाही, लागेल तसं काम) असाल तर त्यावर २५ टक्के, म्हणजे ३१ च्या वर. दर पगाराची पेस्लिप मिळालीच पाहिजे. शेतात "डब्यामागे इतके" असा पीस रेट असतो, पण एप्रिल २०२२ पासून तिथेही तासाच्या किमान दराची हमी आहे, हात हळू चालतो म्हणून अर्धे पैसे देता येत नाहीत. "एबीएन काढून ये" (म्हणजे नोकर नाही, स्वतःचा धंदा असल्याचं दाखव), "कॅश देतो पण कमी", "आधी दोन आठवड्यांचं हॉस्टेल भाडं भर मग काम" यातलं काहीही ऐकलं की पुढे चला. तक्रार करायची झाली तर फेअर वर्क ऑम्बुड्समन, म्हणजे कामगारांच्या हक्कांचं सरकारी ऑफिस.

दोघांना एकत्र काम हवं असेल तर शहर सोडा. हायवेवरची रोडहाउस (पेट्रोल पंप आणि खानावळ एकत्र), कॅराव्हॅन पार्क, गुरांची मोठी फार्म म्हणजे स्टेशन्स, आउटबॅकमधले (आतल्या ओसाड भागातले) पब यांच्या जाहिरातीत कित्येकदा "कपल चालेल" नाहीतर "कपलच हवं" असतं, कारण त्यांच्याकडे खोली एकच. एक किचनमध्ये, एक पंपावर-काउंटरवर, राहणं-जेवण जवळपास फुकट आणि आजूबाजूला शंभर किलोमीटर खर्च करायला दुकान नाही. बोअर होतं हे खरंय. पण पैसे साठतात ते इथेच, आणि आमच्या मते व्हॅनचे पैसे आधी अशा ठिकाणी कमवावेत आणि मग व्हॅन घ्यावी. दारू सर्व्ह करायची असेल तर आरएसए सर्टिफिकेट लागतं आणि ते राज्याप्रमाणे बदलतं, म्हणून कुठल्या राज्यात काम करणार ते ठरवूनच काढा.

पाचवी पायरी : ऋतू बघून दिशा

डिसेंबर-फेब्रुवारी उन्हाळा, जून-ऑगस्ट थंडी, हे आपल्याला पाठ असतं पण अंगात मुरलेलं नसतं. उत्तरेला, म्हणजे डार्विन, काकाडू, ब्रूम, केर्न्स, दोनच ऋतू : मे ते ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात, समुद्रात बॉक्स जेलीफिश असतात, आणि रात्री व्हॅनमध्ये एसी नसताना झोपणं म्हणजे मे महिन्यात नागपुरात पत्र्याच्या खोलीत झोपण्यासारखं. म्हणून थंडीत उत्तर, उन्हाळ्यात दक्षिण.

काम पण तसंच फिरतं. डिसेंबर-जानेवारीत टास्मानियात चेरी, जानेवारी-मार्चला मिल्ड्युरात द्राक्षं आणि शेपर्टनला पेअर, थंडीत बोवेन-बंडाबर्गकडे भाज्या, सप्टेंबरपासून डार्विन-कॅथरिनला आंबा. केळी टली-इनिसफेलला वर्षभर. सरकारची हार्वेस्ट ट्रेल ही फुकट सेवा आहे, कुठे कधी काय पिकतं ते तिथे महिन्यानुसार मिळतं. हे वेळापत्रक आणि ऋतू नकाशावर एकत्र मांडलं की तुमचा रूट जवळपास आपोआप तयार होतो.

अंतराचा अंदाज मात्र आपला हमखास चुकतो. सिडनी ते केर्न्स साधारण २४०० किलोमीटर. पर्थ ते ब्रूम २२०० च्या आसपास. आणि अ‍ॅलिस स्प्रिंग्सला उतरून उलुरू (वाळवंटातला तो प्रसिद्ध लाल खडक) "इथेच बाजूला" समजतात, ते साडेचारशे किलोमीटर आहे. दिवसाला ३००-४०० च्या वर चालवायचा प्लॅन करू नका. (उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे, खालून चालत फेरी मारा, ती जास्त सुंदर आहे.)

सहावी पायरी : व्हॅन

तीन महिन्यांच्या आत फिरणार असाल तर भाड्याने, त्याहून जास्त असेल तर विकत. एका बाजूने जायचं असेल तर रिलोकेशन डील बघा, कंपनीला गाडी दुसऱ्या शहरात हवी असते आणि दिवसाला एक डॉलरपासून मिळते, फक्त दिवस मोजके असतात. विकत घेताना पहिल्यांदा टोयोटा हायएस बघा. जुनी असली तरी पार्ट्स कुठल्याही गावात मिळतात आणि मेकॅनिकला नवीन नसते. फोर व्हील ड्राइव्हचा मोह बहुतेकांना होतो, पण देशाला फेरी मारणारे मुख्य हायवे सगळे डांबरी आहेत, साध्या व्हॅनने आरामात होतं.

जाहिराती गमट्री आणि फेसबुक मार्केटप्लेसवर. बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेव. गरम असेल तर सरळ परत फिरा, कारण इंजिन थंड असताना नीट सुरू होत नाही हे लपवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तुम्ही यायच्या आधी दहा मिनिटं चालवून ठेवणं. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बोट फिरवा, कॉफीच्या फेसासारखा चिकट थर असेल तर पाणी आणि ऑइल मिसळतंय, हेड गॅस्केटचा संशय, सरळ निघा. गादी उचला, खालची फळी उचला, रबरी मॅट कोपऱ्यातून वर करा, समुद्राकाठी राहिलेल्या व्हॅनचा गंज तिथे लपलेला असतो, वरून मालकाने छान पांढरा रंग मारलेला असतो. टायरच्या आतल्या कडा बघा. फेअरी लाइट्स आणि उशांचे पैसे देऊ नका. आवडली तर १००-२०० डॉलर खर्चून मेकॅनिककडून तपासून घ्या.

मग पीपीएसआर चेक, अधिकृत साइटवर फक्त २ डॉलर. गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, राइट-ऑफ झालेली (इन्शुरन्सवाल्यांनी निकामी ठरवलेली) आहे का ते कळतं. कर्ज असलेली गाडी घेतलीत तर फायनान्सवाले ती तुमच्याकडून उचलून नेऊ शकतात, म्हणून पैसे द्यायच्या दिवशीच हा चेक करायचा.

रेगो म्हणजे रजिस्ट्रेशन. किती महिने शिल्लक आहे आणि कुठल्या राज्याचं आहे यावर किंमत ठरते. व्हिक्टोरियात विकणाऱ्याने रोडवर्दी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं सर्टिफिकेट), क्वीन्सलँडमध्ये सेफ्टी सर्टिफिकेट द्यायला लागतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या चालू रेगोच्या गाडीला नावावर करताना तपासणी लागत नाही आणि रेगो बाहेरूनही वाढवता येतो, म्हणून बॅकपॅकर लोकांत त्या नंबरप्लेटला मागणी असते. घेतल्यावर १४ दिवसांच्या आत नावावर करा आणि व्हॅन कुणा एकाच्याच नावावर असेल तर निम्मे पैसे कोणी दिले ते लिहून ठेवा, हसू नका. रेगोबरोबर जो इन्शुरन्स असतो तो फक्त माणसांच्या इजेचा. समोरच्याच्या गाडीला लागलं तर त्यासाठी थर्ड पार्टी प्रॉपर्टी वेगळा घ्यायचा, न घेता शहरात फिरणं म्हणजे कुणाच्या तरी बीएमडब्ल्यूचं बिल भरायची तयारी. एनआरएमए, आरएसीक्यू यांसारख्या क्लबची रोडसाइड मदत घ्या, एका राज्याची मेंबरशिप दुसऱ्या राज्यातही चालते.

सातवी पायरी : राहणं, खाणं

झोपायची जागा शोधायला विकीकॅम्प्स किंवा कॅम्परमेट. फ्री कॅम्प, रेस्ट एरिया, नॅशनल पार्क, कॅराव्हॅन पार्क सगळं त्यात असतं. शहरात आणि बायरन बेसारख्या किनाऱ्यांवर गाडीत झोपलात तर कौन्सिलचा माणूस पहाटे काचेवर टकटक करतो आणि दंड लावतो. आम्ही तीन-चार रात्री फ्री कॅम्प, मग एक रात्र पैसे देऊन कॅराव्हॅन पार्क, असं धरलं होतं : गरम पाणी, वॉशिंग मशीन, सगळ्या बॅटऱ्या चार्ज.

जेवणाचा खर्च वाचतो तो सार्वजनिक बार्बेक्यूमुळे. बागांत, समुद्रकाठी स्टीलचा मोठा तवा बसवलेला असतो, बटण दाबलं की फुकट तापतो आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. आधीच्याच्या सॉसेजची चरबी लागलेली असते, म्हणून पाणी शिंपडून उलथन्याने खरवडायचं, शाकाहारी असाल तर फॉइल पसरायचं. थालीपीठ त्यावर इतकं मस्त होतं की शेजारचे काका-काकू बिअर घेऊन विचारायला येतात. व्हॅनमध्ये तीन लिटरचा कुकर आणि एक बर्नर पुरे, पण दार बंद करून आत कधीही शेगडी पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेलीत. टोटल फायर बॅनच्या दिवशी उघड्यावर काहीच पेटवायचं नाही, त्या दिवशी ब्रेड-बटर.

डाळ-तांदूळ मोठ्या शहरातून भरून घ्या, सिडनीत हॅरिस पार्क, मेलबर्नला डँडेनाँग. पुढे कोल्स, वुलीज, आल्डी ही सुपरमार्केट.

आणि दोघांचं. सहा फुटांत वर्ष काढायचं म्हणजे रागावून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही. कामं वाटून घ्या, पाणी भरणं, टॉयलेटची टाकी डंप पॉइंटला रिकामी करणं (हे आलटून पालटून, नाहीतर भांडण नक्की), हिशोब, रूट. आठवड्यातून अर्धा दिवस वेगळं फिरा, लायब्ररी शोधा, तिथे वायफाय आणि एसी दोन्ही फुकट.

आठवी पायरी : लांबचं ड्रायव्हिंग

पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत थांबा. भाड्याच्या गाडीला तर शहराबाहेर रात्री चालवायची बहुधा बंदीच असते. समोर आलाच तर सरळ रेषेत ब्रेक मारा, स्टिअरिंग फिरवू नका, माणसं मरतात ती झाडावर आदळून. रोड ट्रेन म्हणजे ५३.५ मीटरपर्यंत लांब ट्रक, ओव्हरटेक करायला समोर किलोमीटर-दीड किलोमीटर रिकामा दिसल्याशिवाय बाहेर पडू नका. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर थांबायचं, "एवढंच आहे की" म्हणायचं नाही. फोन हातात धरलात तर कॅमेरे वरून फोटो काढतात.

नलरबॉर, म्हणजे दक्षिणेकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जाताना लागणारं ओसाड मैदान, करणार असाल तर सेडुना ते नॉर्समन साधारण १२०० किलोमीटरमध्ये मोठं गाव असं नाहीच, बहुतेक रोडहाउसच. त्यात १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला तुकडा आहे. पाणी आणि पेट्रोल आधी भरा, दोन्ही तिथे महाग. आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला गाडी तपासतात, फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात, त्यामुळे कांदे-बटाटे आदल्या दिवशी संपवा. आउटबॅकमध्ये गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, हवेतून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. इमर्जन्सी नंबर ०००. उत्तरेत नदी कितीही शांत दिसली तरी मगरीची पाटी वाचा.

शेवटची पायरी : विकणं आणि निघणं

व्हॅन विकायला किमान तीन-चार आठवडे ठेवा, रेगो तीन महिन्यांच्या वर शिल्लक असताना. केर्न्सला कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, सिडनी-मेलबर्नला स्प्रिंगमध्ये गिऱ्हाईक जास्त. फ्लाइटच्या आदल्या आठवड्यात विकायला काढलीत तर समोरच्याला ते लगेच कळतं. पैसे खात्यात आल्याशिवाय चावी नाही, आणि "सेल झाली" ही नोटीस ट्रान्सपोर्ट खात्याला तुम्हीच द्या, नाहीतर नव्या मालकाचे दंड तुमच्या नावावर येत राहतात.

टॅक्सचं वर्ष ३० जूनला संपतं, रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत. सुपरचा क्लेम देश सोडून व्हिसा संपल्यावर किंवा रद्द झाल्यावर ऑनलाइन होतो. त्यासाठी बँक खातं लगेच बंद करू नका आणि सगळ्या मालकांच्या पेस्लिप एका फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवा, कोणी सुपर भरलेलं नसेल तर ते त्यातूनच सापडतं.